ऑगस्टमधलं पॅरिस: काय बंद, काय चालू?

ढगाळवाट: १२ ऑगस्टला (बुधवारी) सकाळी शार्ल द गोल एअरपोर्टवर उतरतोय, १९ ला परत. सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीचे आणि शुद्ध शाकाहारी. मुलगी ११ वर्षांची. व्हिसासाठी घेतलेलं हॉटेल रद्द करता येतं, त्यामुळे जागा बदलायला वाव आहे. कोणी म्हणतं तेव्हा शहर मोकळं असतं, कोणी म्हणतं सगळ्याला कुलूप. खरं काय? मेट्रो-बसचा आठवड्याचा पास घ्यावा का?

पायवाट_७: रिकामं होतं ते पॅरिसकरांचं पॅरिस, पर्यटकांचं नाही. लूव्र म्युझियम, आयफेल टॉवर, व्हर्सायचा राजवाडा इथल्या रांगा ऑगस्टमध्येही तेवढ्याच. बंद होतात ती गल्लीतली दुकानं: बेकरी, छोटी रेस्टॉरंटं, चीजवाले. सहसा दोन ते चार आठवडे. पूर्वी बेकरीवाल्यांना जुलै-ऑगस्टमध्ये आळीपाळीनेच सुट्टी घ्यावी लागे. २०१५ पासून ती अट गेली, त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन्ही बेकऱ्या एकदम बंद दिसू शकतात. नकाशाच्या ॲपवर 'चालू' दिसलं तरी भरवसा धरू नका, शटरवर 'काँजे अन्युएल' (वार्षिक सुट्टी) असा कागद आणि तारखा असतात, त्या खऱ्या. मोनोप्री, फ्रांप्री अशी सुपरमार्केटं चालू असतात.

लूव्र मंगळवारी बंद, ओर्से हे कला-म्युझियम सोमवारी. म्हणून सोमवारी लूव्रला आणि मंगळवारी ओर्सेला जादा गर्दी लोटते. हे दोन वार टाळा. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. संध्याकाळची वेळ घ्या, ज्येष्ठांना ती झेपते. मुलीला दोन्हीकडे प्रवेश फुकट, पण लूव्रला तिच्याही नावाने वेळ राखून ठेवा. युरोपबाहेरच्या मोठ्यांना लूव्रचं तिकीट आता महाग पडतं, तेवढं बजेटमध्ये धरा. आयफेलच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात, म्हणजे जूनच्या मध्याला बसून काढायची. पाँपिदू हे आधुनिक कलेचं म्युझियम २०३० पर्यंत नूतनीकरणासाठी बंद.

१५ ऑगस्ट ही तिथे सार्वजनिक सुट्टी, मेरीच्या स्वर्गारोहणाची. दोन्ही मोठी म्युझियमं उघडी असतात. नोत्र-दाम कॅथेड्रल मात्र मेरीचंच, त्यामुळे त्या दिवशी तिथे प्रार्थनांची गर्दी. आत शांतपणे बघायचं तर दुसरा दिवस धरा. प्रवेश फुकट आहे, वेळ आरक्षित करणं ऐच्छिक.

जस्ताचं_छप्पर: हॉटेलबद्दल एकच अट ठेवा: 'क्लिमातिझास्यों', म्हणजे एसी. 'व्हाँतिलातर' लिहिलं असेल तर तो नुसता पंखा. जुन्या इमारतींना जस्ताचे पत्रे असतात, सर्वांत वरचा मजला दिवसभर तापतो आणि रात्रीही निवत नाही. लिफ्ट आहे का हेही लेखी विचारा. 'लिफ्ट आहे' म्हणतात आणि ती पहिल्या जिन्यानंतर सुरू होते! उष्मा वाढला तर दिवसा खिडकीची झडप बंद, रात्री उघडी. रेस्टॉरंटात 'कराफ दो' मागितलं की नळाचं पिण्याचं पाणी फुकट मिळतं.

ढगाळवाट: आणि पास? जेवणाचं काय?

रूळ_बदल: आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असाच चालतो, घेतल्या दिवसापासून सात दिवस नाही. चालू आठवड्याचा गुरुवारपर्यंतच मिळतो. तुम्ही बुधवारी उतरताय, म्हणजे पास १६ तारखेपर्यंत. किंमत ३० युरोच्या थोडी वर. एअरपोर्टचं एकेरी तिकीटच १३-१४ युरो आणि ते पासात येतं, साधं मेट्रो तिकीट अडीच युरोच्या आसपास. म्हणजे एअरपोर्टची एक फेरी आणि वर सात-आठ फेऱ्या झाल्या की वसूल. दुसऱ्या आठवड्यात सोम-मंगळ मिळून तेवढ्या फेऱ्या होणार असतील तरच पुन्हा घ्या, नाहीतर सुटी तिकिटं.

फसगत होते ती कार्डात. 'नाव्हिगो ईझी' या प्रवास-कार्डावर आठवड्याचा पास चढत नाही, 'नाव्हिगो देकुव्हेर्त' हे दुसरं कार्ड लागतं: ५ युरो, प्रत्येकाचं वेगळं, वर अडीच बाय तीन सेंटिमीटरचा फोटो. फोटो घरूनच कापून न्या. तो चिकटवला नसेल तर तपासनीस दंड लावतो.

ऑगस्टमध्ये प्रवासी कमी म्हणून रुळांची मोठी कामं तेव्हाच काढतात. आरईआर-बी, म्हणजे एअरपोर्टची गाडी, कधी अर्ध्या वाटेत थांबून पुढे बस लागते. निघायच्या आदल्या रात्री ॲप बघा. जुन्या मेट्रो स्थानकांत जिने फार, आई-बाबांना बस बरी. फक्त ऑगस्टात बसच्या फेऱ्या विरळ होतात. १४ नंबरच्या मेट्रोला सगळीकडे लिफ्ट आहे.

इडली_वडा: जेवणाला ला शापेल हा भाग गाठा, गार द्यु नोर स्टेशनपासून चालत. तमिळ खानावळी, किराणा, सगळं. एखादी बंद निघाली तर शेजारी दुसरी आहे. जवळच र्यू पाजोलवर माणिक्क विनायकाचं देऊळ आहे, आई-बाबांना आवडेल. त्यांची गणपतीची रथयात्रा बहुधा ऑगस्टअखेरीस, रस्त्यावर नारळांचा खच पडतो. तुमच्या तारखांत ती बसायची नाही. पहिल्या रात्रीसाठी थेपले आणि मेतकूट बॅगेत असू द्या.