अनुभव धागा: मचाण, बेशरम, चुंगड्या आणि रानातली बाकी कामं

झाडीतला_पळस
काल शाळेच्या व्हरांड्यात सीडबॉल (आत बिया घातलेले मातीचे गोळे) वाळत घातलेले दिसले. चांगले चुंगडीभर (पोतंभर), आणि निम्म्यांना उभ्या भेगा. काळ्या मातीचे! आमच्या गावातले पहिल्या खेपेचे गोळे अस्सेच फुटले होते ते आठवलं, म्हणून धागा काढला. गावात, शाळेत, बचतगटात अशी कामं करून राहिले त्यांनी लिहा. "खूप छान वाटलं" नको. काय घेतलं, किती घेतलं, कुठं फसलं तेवढं लिहा.

सुरुवात माझ्याकडून. कपाशीची काळी माती ओली असताना फुगते, वाळताना आकसते, गोळा तडकणारच. ३ टोपले पडक्या भिंतीची पांढरी माती, १ टोपलं चाळलेलं जुनं शेणखत. पाणी कणकेला घालतो तसं, हाताहातानं. गोळा लिंबाएवढा, आत बिया एक किंवा दोन. सावलीत २-३ दिवस. उन्हात ठेवले तर वरून टणक अन् आत ओल राहते, मोड येऊन आतच मरतो.

वऱ्हाडी_ठेचा
पण गोळे फेकता कायले? डोबा ना! फेकलेला गोळा दगडावर पडते, नाई तर खारी अन् उंदीर फोडून खातात. समतल चराच्या (उताराला आडवा खणलेला चर) मातीच्या भरावावर, पहिला दमदार पाऊस झाला की, बियाच्या दुप्पट खोल खड्डा, २-३ बिया, वरून माती दाबली, झालं.

अन् मोहाचं, कडुनिंबाचं बी एप्रिलच्या गोळ्यात घालू नका बाप्पा. हे बी पिकतेच जून-जुलैच्या आसपास. म्हणजे एप्रिलमध्ये हातात असते ते मागच्या सालचं, मेलेलं. या झाडायचं बी आठवड्यांत मरते, ताजंच लावा लागते. चिंच, बाभूळ टिकते. त्याले उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात रातभर ठेवा, चुलीवर शिजवू नका.

रानवाटा_७
"डोबा" वाचून जीव गार झाला. इकडे पुण्यात टोकणणी म्हणावं लागतं.

वऱ्हाडी_ठेचा
😀 ये मग सुट्टीत, सरकी डोबायले माणसं पायजेच.

मचाणवाला
बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राणी मोजतात. ती आली की फोन सुरू होतात, म्हणून एकदाच लिहितो. दुपारी चढायचं, सकाळी गाडी येईस्तोवर उतरायचं नाही. माणशी ५ लिटर पाणी. सामान वर ओढायला दोर. लघवीला रिकामी बाटली (हे कोणी सांगत नाही आणि रात्री १ वाजता सगळ्यांना कळतं). कपडे मातकट, अत्तर-पावडर बंद. टॉर्चला लाल जिलेटीन, पण चंद्र असल्यावर लागत नाही.

नोंदीत वेळ, प्राणी, किती, नर-मादी-पिल्लू आणि आला कुठून-गेला कुठे. शेवटचा रकाना लोक सोडतात आणि मग तोच १२ चितळांचा कळप तीनदा मोजला जातो. शेजारच्या मचाणाशी वेळा जुळवल्याशिवाय बेरीज करू नका. वाघांची खरी मोजदाद कॅमेरा ट्रॅप आणि ठरलेल्या रेषांवर चालून दर ४ वर्षांनी होते. वनखातं मचाणावरच्या या रात्रीला आता निसर्गानुभव म्हणतं ते बरोबरच आहे.

ताई_बचतगट
डब्यात काय न्यायचं? मागच्या वेळी लसणाच्या चटणीवरून फार बोलणी बसली.

मचाणवाला
दशम्या, गूळ, भाजलेले शेंगदाणे. चटणी घरी. आणि कुरकुऱ्यांची पिशवी आणणाऱ्याला गाडीतच बसवा, तो आवाज अस्वलाच्या आधी आम्हालाच उठवतो.

मामातलाव
आमच्याकडे भंडारा-गोंदियात माजी मालगुजारी तलावातली (जुन्या मालगुजारांच्या वेळचे तलाव) बेशरम, म्हणजे तलावात माजणारं झुडूप, काढणं हे मोठं काम. कापून उपयोग नाही जी, मुळासकट उपटावी लागते. एप्रिल-मेमध्ये, पाणी उतरून बुड मोकळं झालं की. कांडीचा वीतभर तुकडा ओल्यात पडला तरी फुटतो, म्हणून पाळीवर (तलावाच्या बांधावर) ढीग लावू नका. उंच, कोरड्या जागी नेऊन पसरा, खडखडीत वाळू द्या. एका तलावात सगळी मेहनत करून ढीग पाळीच्या उतारावर ठेवला होता. पावसाळ्यात तिथंच हिरवीगार भिंत उभी!

उपटून झाल्यावर काम अर्धंच. बूड नांगरायचं आणि पाऊस पडल्यावर हायड्रिलासारख्या पाणवनस्पती, देवधान (रानटी भात) शेजारच्या चांगल्या तलावातून आणून लावायचं. मासोळीला अंडी घालायला, लपायला तेच लागतं. मासेमारी करणाऱ्या ढिवर बायांना विचारा, कोणत्या खोलीत काय लागतं ते त्या बोट दाखवून सांगतात.

ताई_बचतगट
दादा, चीक अंगाला लागतो ना?

मामातलाव
हो, दुधासारखा. बाह्या लांब, हातमोजे, डोळे चोळायचे नाहीत. शेळ्या खात असतील तर हाकला, विषारी आहे.

नालाकाठ
वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या चुंगड्यांचा नाल्यातला कच्चा बांध. दिवाळीच्या मागंपुढं, नाल्याला धार असतानाच. पाणी आटल्यावर बांधून फोटो तेवढा निघतो.
जागा अरुंद, दोन्ही काठ उंच, वळण नको. आधी वाळू काढून मुरमापर्यंत चर, नाहीतर पाणी खालून निघून जातं. दोन्ही काठांत फूट-दोन फूट आत शिरवा. चुंगड्या दोन तृतीयांशच भरा. ठासून भरलेली चुंगडी गोल होते, एकमेकीवर बसत नाही. तोंड सुतळीनं शिवा. लांबी धारेच्या दिशेनं, विटांसारखे सांधे तोडत, मधल्या फटीत चिकणमाती. ३ फूट उंचीला बुड ४ फूट तरी रुंद. मधे एक थर कमी ठेवा, जादा पाणी तिथून जाईल.

माती बंधाऱ्याच्या अंगच्या काठातून खोदू नका!! सोपं वाटतं म्हणून सगळे तिथंच कुदळ घालतात आणि पहिला पूर काठातूनच रस्ता काढतो. सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्या उन्हानं चुरतात. मृगाच्या आधी उचलून घ्या, नाहीतर ते प्लास्टिक खालच्या गावाच्या वावरात.

गडचिरोलीकर
मोहफुलं वेचणं सुरू झालं. झाडाखालचा पाला जाळू नका, एवढंच सांगायला आलो. खराट्यानं झाडून ढीग बाजूला, किंवा जुन्या साड्या नाहीतर हिरवी नेट बुडाला पसरवा. फूल स्वच्छ मिळतं, वाळवल्यावर खडा लागत नाही, भाव बरा येतो. लोकांना पटतं ते भावानं.
वणवा लागलाच तर हिरव्या फांद्या. आपटायचं नाही, ठिणग्या उडतात. दाबून ओढायचं. आग चढावर धावते, तिच्या वर उभं राहू नका. बाजूनं आणि मागून या.

ताई_बचतगट
आणि पहाटे अंधारात एकटीनं जाऊ नका गं बायांनो. वाकून वेचणारं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. उजाडल्यावर, चौघीपाचजणी, बोलत बोलत.

गडचिरोलीकर
होय. एकीनं उभं राहून नजर ठेवायची, आळीपाळीनं.

धानबांधी
सारस पक्ष्याचं कोणी लिहिलं नाही? धानाच्या बांधीत घरटं दिसलं तर अंडी (सहसा २) मोजायला जवळ जाऊ नका, तुमच्या पायवाटेनं कुत्री येतात. उबवायला महिनाभर लागतो. शेतमालकाशी बोलून घरट्याभोवतीचा धान शेवटी कापायचा ठरवा. सारस गणनेला पहाटे उजाडताच जागेवर हजर, जोडी उडण्याआधी. अन् वरून जाणाऱ्या विजेच्या तारा नकाशावर लिहून ठेवा, त्यांना लागून बरेच सारस मरतात.

झाडीतला_पळस
वा, भरला धागा. शाळेत सांगून आलो, गोळे फोडून बी परत काढून राहिलेत पोरं. @मचाणवाला, तो दोर अजून तुमच्याकडेच आहे ना?

मचाणवाला
आहे. पण गोठ्यात वासराला बांधलाय.