घसा सुजल्यानंतर अचानक मान झटकणं सुरू झालं. अँटिबायोटिक चालू ठेवायचं का?

यावलची आई
मुलगा दुसरीत आहे. पोळ्याच्या सुमारास घसा सुजला, ताप आला, गिळता येईना. औषधाने बरा झाला. मग एका सकाळी उठला तो डोळे गच्च मिटतच. आता मान झटकतो, घशातून 'हं हं' आवाज काढतो. हात धुऊन आला की परत मोरीत, दाराची कडी दहादा बघतो. आदल्या संध्याकाळपर्यंत हाच पोरगा केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्यांवरून उड्या मारत होता! सासूबाई म्हणतात, "पोऱ्याले नजर लागी गयी." मीठ-मोहरी उतरवून झाली. जळगावला रक्त तपासलं, घशाच्या जंतूची एएसओ चाचणी वाढलेली आली. एक डॉक्टर म्हणतात 'पँडास', सहा महिने अँटिबायोटिक द्या. दुसरे म्हणतात सवय आहे, जाईल. कोणाचं ऐकू?

धुळेकर बालरोग
ताई, मूल न बघता निदान सांगणार नाही, पण दोन्ही टोकं मला पटत नाहीत.

पँडास हे नाव 1998 मध्ये अमेरिकेत सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी 50 मुलांच्या अभ्यासातून पुढे आणलं. घसा सुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मेंदूतल्या बेसल गँग्लियावरच, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या भागावरच उलटतात, असा अंदाज. वाद अजून मिटलेला नाही. कारण साधं आहे: शाळकरी वयात घसाही वारंवार येतो आणि टिक्सही (मान झटकणं, डोळे मिटणं अशा आपोआप होणाऱ्या हालचाली किंवा आवाज) पुष्कळ मुलांना होतात, त्यामुळे दोन्ही लागोपाठ आले म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं ठरत नाही. मात्र तुमच्याकडे एका रात्रीत सुरुवात आणि सोबत हात धुणं, कडी तपासणं आहे. 'सवय' म्हणून ते सोडून देऊ नका.

एएसओ फक्त एवढंच सांगतो की हा जंतू मध्यंतरी येऊन गेला. संसर्गानंतर तीन ते पाच आठवड्यांनी तो सर्वात जास्त असतो आणि पुढे कित्येक महिने वर राहू शकतो. आत्ता घशात जंतू आहे का, हे स्वॅबवरून, म्हणजे घशातून बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावरून कळतं. स्वॅब अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचा. जंतू सापडला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण 10 दिवस. टिक्ससाठी महिनोन्‌महिने देण्याला भक्कम पुरावा नाही; जुलाब आणि जंतूंचा निगरगट्टपणा मात्र पदरी पडतो.

त्याआधी एक गोष्ट बघाच. हातपाय वेडेवाकडे, दर वेळी वेगळे हलतात का? अक्षर बिघडलंय, वस्तू हातातून पडतात? तसं असेल तर तो सिडनहॅम कोरिया असू शकतो, म्हणजे संधिवाताच्या तापाचा भाग; हा ताप याच जंतूनंतर येतो आणि हृदयालाही धरतो. मग हृदयाची इको (सोनोग्राफी) हवीच. टिक्समध्ये तीच तीच हालचाल होते आणि मूल ती थोडा वेळ दाबून धरू शकतं.

अमळनेरचा भाऊ
डॉक्टर, माझ्या चुलतभावाला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं चाललं. ते चालतं आणि हे नाही?

धुळेकर बालरोग
भाऊ, तो संधिवाताचा ताप. तिथे हृदयाच्या झडपा वाचवायच्या असतात, परत संसर्ग झाला तर नुकसान वाढतं. तिथे ते इंजेक्शन चुकवूच नये. या बाळाचं तसं काही अजून सिद्ध झालेलं नाही.

चाळीसगावची मावशी
माझ्या भाचीला टिक्स होत्या, घसा-बिसा काहीच नव्हता. घरात जो तो "मान हलवू नको" म्हणायचा, तेवढी जास्त हलवायची. टोकणं थांबवलं, बाईंना भेटून वर्गातलं चिडवणं थांबवलं, खूप फरक पडला. नजरेचं म्हणाल तर सासूबाईंशी भांडत बसू नका, मीठ-मोहरीने काही बिघडत नाही. अंगारा मात्र पोटात देऊ नका.

यावलची आई
अक्षर ठीक आहे, वस्तू पडत नाहीत. पण डॉक्टरांसमोर गेला की एकदम शहाणा, काहीच करत नाही! आणि हात धुण्याचं काय? कातडी सोलली आहे.

धुळेकर बालरोग
नेहमीचंच. घरी त्याच्या नकळत मोबाईलवर चित्रण करा आणि तेच दाखवा. घसा कधी सुजला, कोणतं औषध किती दिवस घेतलं, मान झटकणं कधी सुरू झालं, हे कागदावर लिहून न्या. इको आणि मेंदूविकाराच्या बालतज्ज्ञांची भेट दोन्ही घ्या. हात धुण्यासाठी बालमानसोपचार लागेल. त्यात वागणुकीचे उपचार आहेत, गरज पडली तर गोळ्याही आहेत. खाणंपिणं अचानक सोडलं किंवा लघवी अंथरुणात व्हायला लागली तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका, लगेच न्या. हातांना तोवर खोबरेल लावा.