मदत हवी आहे: विहिरीजवळच्या दिव्याने सुगरणींची वीण बिघडेल का?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीला दर पावसाळ्यात सुगरणींचे खोपे लागतात. आता ग्रामपंचायत शेजारीच हायमास्ट दिवा उभारणार आहे. ग्रामसभेत याविषयी बोलायचंय, पण नुसती हळहळ नको, मुद्दा पक्का हवा.

वाचून समजलं ते असं. पक्ष्याच्या मेंदूत खोलवर उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात, कवटीतून झिरपलेला उजेडही त्यांना पुरतो. दिवस लांबला की मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून टीएसएच हे संप्रेरक (हार्मोन) सुटतं, त्यामुळे मेंदूत थायरॉइडच्या टी४ संप्रेरकाचं जास्त प्रभावी टी३ होतं, मग जीएनआरएच, एलएच, एफएसएच या प्रजननाच्या संप्रेरकांची साखळी चालते आणि वृषण, अंडाशय वाढू लागतात. विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञांनी कॅनडाच्या हिवाळ्यात जुंको या चिमणीएवढ्या पक्ष्यांना रात्री दिवे लावून ठेवले, तर भर थंडीत त्यांचे वृषण वाढले. हे १९२५ सालचं!

अडतंय इथे: सुगरण नर खोपा विणतो पावसात, आणि २१ जूननंतर दिवस तर लहान होत जातो. मग उजेडाचा संबंध उरतो का?

पिंगळा: उरतो. पुण्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये सुमारे सव्वातेरा. उन्हाळ्यात दिवस वाढतो तेव्हाच आतली तयारी होते. नर पिवळा होतो तो त्याच साखळीतल्या एलएचमुळे. प्रत्यक्ष विणकाम मात्र पाऊस पडून हिरवं, लांब पातीचं गवत मिळाल्यावरच. दिवस घटतो तोही हळूहळू, ऑगस्टअखेर अजून साडेबारा तासांचा असतो.

दिव्याचं म्हणाल तर जर्मनीत काळ्या कस्तूर पक्ष्यांना रात्री फक्त ०.३ लक्स, म्हणजे अगदी अंधुक, उजेड दिला, तरी त्यांची प्रजननक्षमता जवळपास महिनाभर आधी आली. तोच आकडा सुगरणीला लावू नका. पण शरीर आधी तयार आणि गवताचा पत्ता नाही, ही भीती सभेत मांडण्याजोगी नक्कीच आहे.

धागाकर्ता: खूप आभार! रात्री दहाला दिवा बंद करा म्हटलं तर?

पिंगळा: तेवढ्याने भागणार नाही. सूर्यास्तानंतरचे ते तासही पक्ष्याला दिवसातच धरले जातात. खांब बाभळीपासून लांब, कमी उंचीचा आणि वरून झाकलेला मागा. उजेड वाटेवर पडू दे, झाडावर नको. विहिरीवर रात्री बायामाणसं येत असतील, तर दिवाच नको असं म्हणू नका.