वाडीत पूर्वी किती माणसं होती, याची नोंद कुठे मिळेल?

कौलारू
संगमेश्वर तालुक्यात आमची वाडी. यंदा शिमग्यात पालखीसोबत घरोघर फिरलो. २१ घरांपैकी ९ घरांना कुलूप. कुलूप असलं तरी पालखी त्या अंगणात थांबतेच, तसा रिवाज आहे. शेजारच्या काकींनी त्या घरांच्या वतीने ओटी भरली, नारळ ठेवला. काकी सत्तरीच्या. चौथ्या बंद घरापाशी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माज्या मागं माज्या घराची ओटी कोन भरील रं?" मला काही बोलताच आलं नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

मी शाळेत होतो तेव्हा, १९८५ च्या पुढेमागे, चार वर्गांत मिळून पन्नासेक मुलं होती. आता पट सहा. वाडीचा इतिहास लिहून ठेवायचं मनात आहे. जुनी लोकसंख्या कशावरून काढता येईल? आणि एक कोडं आहे. आमचे आजोबा मुंबईला, वडीलही मुंबईला. मुंबईला जाणं आमच्याकडे नवीन नाही. मग तेव्हा गाव भरलेलं कसं होतं?

खडूफळा
ही गत एकट्या तुमच्या वाडीची नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६,९६,७७७ होती, २०११ ला १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत जवळजवळ ८२ हजार माणसं कमी. सिंधुदुर्गातही १९ हजारांनी घट.

गावनिहाय आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळतात. पण ती महसुली गावं धरते, वाडी नाही. शिवाय २०११ ची मोजणी फेब्रुवारीत झाली, शिमगा मार्चच्या उत्तरार्धात होता, त्यामुळे सणाला भरलेलं गाव त्यात दिसत नाही. मतदार यादीवर तर विसंबूच नका, मुंबईत राहणारे कितीतरी जण गावच्या यादीतलं नाव काढत नाहीत.

वाडीसाठी शाळेचं जनरल रजिस्टर बघा. मी ३१ वर्षं शिक्षक होतो, ते माझ्या हातानं लिहिलंय. जन्मतारीख, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, सगळं ओळीत असतं. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या. पानं जीर्ण असतात, हलक्या हातानं उलटा.

लालबागची लेक
तुमच्या कोड्याचं उत्तर आमच्या घरात आहे. बाबा गिरणीत, राहायला गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांनी मिळून ठेवलेल्या खोलीत. एका खोलीत १८ माणसं, पाळीपाळीनं झोपायची, जेवण खानावळीत. आई मात्र गावाला, शेती आणि सासू-सासरे सांभाळत. आम्ही चारही भावंडं गावात जन्मलो. पुरुष गेले तरी बाई गावात होती, म्हणून पाळणा गावात हलत होता. रत्नागिरीत २००१ ला हजार पुरुषांमागे १,१३६ बायका होत्या, त्या याच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती खोलीच मोडली. पुढे जे मुंबईकडे राहिले त्यांनी डोंबिवली, नालासोपारा, दिवा इथं जागा घेतली आणि बायकामुलांना नेलं. मनिऑर्डरही थांबली आणि गावातला जन्मही. लालबाग-परळही रिकामं झालंच: मुंबई शहर जिल्हा २००१ ते २०११ मध्ये ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आला, आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

कलमाखाली
मी राजापूर तालुक्यात, गावातच राहतो. आमच्या बागांमध्ये राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत, काही बारमाही. शाळेतल्या ११ पैकी ४ मुलं त्यांची. ती नसती तर शाळेचं काय झालं असतं सांगता येत नाही. ती मुलं माझ्या मुलीशी मराठीत भांडतात. इतिहास लिहाल तेव्हा त्यांचीही नावं घाला, एवढी विनंती. आणि पडीक जमिनीबद्दल लिहा. माणूस उठला की वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत रान माजतं, माकडं थेट परसात येतात, मग उरलेलाही भाजी लावायचं सोडतो.

कौलारू
खडूफळा सर, शाळेत जाऊन आलो. १९६० नंतरचं रजिस्टर आहे, वाळवी लागलेलं पण वाचता येतं. १९८२-८३ च्या पानांवर मधल्याच महिन्यांत दाखल झालेली मुलं दिसली, आधीची शाळा मुंबईची. संपात गावी परतलेली घरं ती. त्यांची उलट वाट पुढच्या पानांवर. आधी वर्षाला एखादा मोठा मुलगा जायचा. १९८७ पासून एकाच तारखेला दोन-दोन, तीन-तीन भावंडांची नावं कमी झालीत. कारणाच्या रकान्यात "पालकांसोबत मुंबईस". लालबागच्या ताई, तुमचं म्हणणं त्या रकान्यात जसंच्या तसं आहे.

काकींना पानाचा फोटो दाखवला. त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या जावेची तीन मुलं, जून १९८९, एकच तारीख. मधला माझ्या बाकावर बसायचा. काकी म्हणाल्या, "त्या दिवशी एसटीला मी पोचवायला गेल्ते." ते चौथं बंद घर त्या जावेचंच.

नेपाळी मुलांचं लक्षात ठेवतो. सोमवारी ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही बघायला जातोय. काकी म्हणतात, मीपण येते.