जळलेल्या निगेटिव्हचं काय होतं

"जुन्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह (कॅमेऱ्यात चित्रित झालेलं मूळ रीळ) गेली की खेळ खलास, पुढे नुसती कंप्युटरची रंगरंगोटी" असं काही जण म्हणतात, पण ते मला अर्धंच पटतं. सत्यजित रायांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या. पण ती जळकी रिळं कुणी फेकली नाहीत, अमेरिकेत ऑस्कर अकादमीच्या संग्रहात तशीच पडून राहिली. वीस वर्षांनी क्रायटेरियन या जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने ती बाहेर काढून इटलीत बोलोन्याच्या लॅबला दिली. तिथलं काम वाचून मी थक्क झालो. कोरड्या, ठिसूळ फिल्ममध्ये आधी ओलावा आणायचा, वितळून चिकटलेला गोंद आणि टेप सोडवायची, कडेची तुटलेली भोकं पुन्हा बांधायची. हाताने सुमारे हजार तास! स्कॅनर त्यानंतर. 'पथेर पांचाली'चा साधारण 40 टक्के आणि 'अपराजितो'चा 60 टक्क्यांहून जास्त भाग या जळक्या निगेटिव्हमधूनच मिळाला. 'अपुर संसार'ची उरलेली रिळं मात्र वापरण्याजोगी नव्हती. तो दुसरीकडे जपलेल्या प्रतींवरून उभा केला.

म्हणजे खेळ खलास नसतो, पण कुठेतरी कुणीतरी प्रत सांभाळलेली लागते. माझ्याकडच्या 'पथेर पांचाली'च्या जुन्या व्हीसीडीवर त्यातल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरूनच्या पांढऱ्या साडीवर पांढरीच सबटायटल्स होती, अर्धे संवाद अंदाजाने. या दुरुस्त केलेल्या प्रतीच्या ब्ल्यू-रे डिस्कवर पहिल्यांदा त्या साडीच्या चुण्या आणि म्हातारीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या वेगवेगळ्या दिसल्या. फिल्मचा ग्रेनही (चित्रात दिसणारे बारीक कण) पुसलेला नाही, हे विशेष.