'सीपॅप लावा, कर्करोग रोखा' म्हणे!

आडवा छेद
उत्तररात्र यांचं कालचं पोस्ट: 'स्लीप ॲप्नियात फुफ्फुसाची गाठ झपाट्याने वाढते. सीपॅप लावा, कर्करोग रोखा.' वाचून डोकं उठलं. (नवख्यांसाठी: स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडणं, सीपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन.) पहिलं वाक्य उंदरांचं, दुसरं कुणाचंच नाही. ॲप्नियाची नक्कल म्हणून उंदरांना २० सेकंद ५ टक्के ऑक्सिजन, मग ४० सेकंद साधी हवा, असे तासाला ६० फेरे. गाठही कुशीत पेशी टोचून वाढवलेली, फुफ्फुसात नव्हे.

उत्तररात्र
अहो, पण साखळी तर खरी आहे ना? ऑक्सिजन पडला की एचआयएफ-१ हे प्रथिन टिकतं, रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ वाढतं, गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मॅक्रोफेज, म्हणजे शरीराच्या रक्षक पेशी, एम-२ या रूपात जाऊन गाठीचीच चाकरी करतात. आणि अमेरिकेतला विस्कॉन्सिनचा अभ्यास, २०१२: १५२२ माणसं, २२ वर्षं. एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबतो वा उथळ होतो तो आकडा) ३० किंवा वर असलेल्यांत कर्करोगाने मरण्याचा धोका ४.८ पट. तेही उंदीरच का?

आडवा छेद
४.८ सांगितलंत, खरा आकडा १.७ ते १३.२ मध्ये कुठेही असू शकतो, हा पट्टा गिळलात. इतका रुंद पट्टा म्हणजे मृत्यू मोजकेच. शिवाय आकडा सगळ्या कर्करोगांचा. कॅनडात २०१४ साली दहा हजारांवर रुग्ण तपासले. वय, वजन, धूम्रपान हिशेबात घेतल्यावर संबंध उरला नाही.

उत्तररात्र
तो अभ्यास कर्करोग *होण्याचा*. आपण *वाढण्याबद्दल* बोलतोय. धागा तुमचाच आहे, वाचा तरी.

निमकी
दोघंही एएचआयवर अडलात. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कितीतरी रुग्णांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) असतो, त्याने टी-९०, म्हणजे ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली राहण्याचा वेळ, आपोआप वाढतो. रात्रभराच्या ऑक्सिजनचा आलेख बघा: करवतीचे दात दिसले तर ॲप्निया, रेघ तासन्‌तास खालीच सपाट असेल तर संशय फुफ्फुसावर. ऑक्सिमीटरचं ॲव्हरेजिंग (किती सेकंदांची सरासरी दाखवतो ते) ३ सेकंदांच्या वर नको, दात बोथट होतात. गडद नेलपॉलिशही काढायला लावा. हे कुणी सांगत नाही!

काडीपेटी
सीपॅपनेच कर्करोग होतो त्याचं काय? फिलिप्सने जून २०२१ मध्ये मशीनं परत मागवली, विसरलात?

निमकी
आली काडी. आत आवाज दाबायला पॉलिएस्टर-पॉलियुरेथेनचा फोम होता. उष्ण, दमट हवेत तो झिजतो, ओझोनच्या सफाईयंत्राने आणखी लवकर. कणांचा आणि वायूंचा *संभाव्य* धोका म्हणून मशीनं मागवली. संभाव्य म्हणजे सिद्ध नव्हे.

काडीपेटी
कंपनीचे वकील का तुम्ही?

निमकी
नाही हो. मास्क सौम्य साबणाने धुवा, ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घाला, ओझोनचा डबा फेकून द्या. वकिली संपली.

उत्तररात्र
मूळ मुद्द्यावर येता का? फुफ्फुसाचा लोब (एक भाग) काढायच्या शस्त्रक्रियेआधी स्टॉप-बँग या ॲप्नियाच्या प्रश्नावलीत गुण ५ किंवा वर असतील तर भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं. नंतर मॉर्फिन मिळालं की श्वास आणखी अडतो. स्वतःचं मशीन आणि *स्वतःच्या मापाचा* मास्क सोबत न्यावा. परका मास्क गळतो, दाब टिकत नाही.

आडवा छेद
याला विरोध कुणी केला? हे भुलेचं कारण झालं, गाठीचं नव्हे. 'कर्करोग रोखा' तेवढं खोडा.

उत्तररात्र
खोडलं. 'गाठ वाढते'च्या आधी 'उंदरांत' घातलं. 'झपाट्याने' मात्र ठेवतेय.