क्योतोत फिरताना, राहताना: आपापले अनुभव इथे लिहा

शेवंती:
जपानचं ठरलं की तोक्यो आणि क्योतो यादीत असतातच. पण क्योतोहून आलेल्या कुणालाही विचारा, "फार सुंदर आहे हो, नक्की जा" यापुढे गाडी सरकत नाही. म्हणून हा धागा. देवळांची वर्णनं नकोत, ती सगळीकडे मिळतात. कुठे उतरलात, कशाने फिरलात, खाण्याचं काय केलंत, बरोबरच्या ज्येष्ठांना काय झेपलं, तिथे शिकायला किंवा नोकरीला असाल तर घर कसं मिळालं, ते लिहा. सुरुवात मीच करते.

आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन नोव्हेंबरच्या शेवटी गेलो, म्हणजे मोमिजीच्या, लाल झालेल्या मेपलच्या पानांच्या, ऐन गर्दीत. हॉटेल कारासुमा-ओइके स्टेशनजवळ घेतलं. क्योतोत मेट्रोच्या दोनच लाइनी आहेत, कारासुमा आणि तोझाइ, आणि त्या इथे एकमेकींना छेदतात. पुढे त्याचा फार उपयोग झाला, कारण क्योतोच्या बसवर विसंबलात तर अर्धी सहल रांगेत जाते. क्योतो स्टेशनवरून कियोमिझु देवळाकडे जाणाऱ्या बसला सकाळी दहा वाजता दादर स्टेशनची आठवण येते. बस म्हणून उत्तमच: सपाट भाडं २३० येन, बहुतेक बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढे ड्रायव्हरपाशी पैसे टाकायचे. पैसे मोजून टाकावे लागतात, सुटे त्याच्या शेजारच्या मशिनमधून आधी काढून घ्यायचे. इकोका हे पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड असेल तर ही भानगडच नाही. जुन्या व्हिडिओंत सांगतात तो फक्त बसचा दिवसभराचा पास आता बंद झालाय. बस आणि मेट्रो मिळून ११०० येनचा पास आहे, तो विचारा.

खरं तर जिथे ट्रेन जाते तिथे ट्रेननेच जावं. फुशिमी इनारी देवस्थान क्योतो स्टेशनपासून जेआरचं (जपान रेल्वेचं) दुसरं स्टेशन, उतरलं की समोरच तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान. अराशियामाला जेआरनेच सागा-अराशियामा. कियोमिझुला मात्र ज्येष्ठ असतील तर सरळ टॅक्सी करा. चौघांचं बसभाडं ९२० येन होतं, जवळच्या अंतराला टॅक्सी त्याहून फार महाग पडत नाही. टॅक्सीचं मागचं डावं दार ड्रायव्हरच उघडतो-लावतो. सासऱ्यांनी सवयीने ते धाडकन लावलं, तेव्हा ड्रायव्हरकाकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

सामानाचंही सांगते. क्योतोहून तोक्योला जाताना मोठ्या बॅगा ताक्क्युबिनने, म्हणजे तिथल्या कुरिअरने, पाठवल्या. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने टेपने बॅगेची लांबी, रुंदी, उंची मोजली, बेरीज करून दर सांगितला, पत्त्याची चिठ्ठी चिकटवली, झालं. दुसऱ्या दिवशी बॅगा तोक्योच्या हॉटेलात आमची वाट बघत होत्या. शिंकान्सेनच्या (बुलेट ट्रेनच्या) या मार्गावर तिन्ही मापांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर बॅगेसाठी जागा आधी राखून ठेवावी लागते, तेही वाचतं.

---

मेतकूटभात:
शेवंतीताई, छान धागा. मी खाण्याबद्दल लिहिते, कारण आमच्या घरी मासेसुद्धा चालत नाहीत.

अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, दाशीची असते. बोनितो नावाच्या माशाचे वाळवलेले कीस उकळून हा रस्सा करतात, आणि तो सगळीकडे असतो: मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवया, तेम्पुरा या भज्यांसोबतची वाटी, शिजवलेला मुळा, कधीकधी ऑम्लेटसुद्धा. "व्हेजिटेरियन" म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि मनापासून भाज्यांचं उदोन आणून ठेवतो. त्याचा काही दोष नाही, त्याच्या लेखी ती भाजीच. त्यामुळे "मांस, मासे, माशाची दाशी चालत नाही, कोंबूची म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी चालते" असं जपानीत लिहिलेला कागद खिशात हवा. कागद दाखवला की वेटर आत जाऊन खानसाम्याला विचारून येतो, आणि बऱ्याचदा दोन्ही हातांनी फुली करून दाखवतो. वाईट वाटून घ्यायचं नाही, उठायचं. निदान खोटं तरी सांगत नाहीत.

याच शहरात शोजिन र्योरी मिळतं, बौद्ध भिक्षूंचं जेवण. दाशी कोंबू आणि शिताके अळंबीची, आणि पारंपरिक पद्धतीत कांदा-लसूणही नाही. कंद असतात, तेव्हा कडक जैन मंडळींनी विचारून घ्यावं. अराशियामाच्या तेन्र्युजी देवळाच्या आवारात शिगेत्सु आहे, तिथे आम्ही जेवलो. लाल लाखेच्या वाट्या, तिळाचं तोफू इतकं मऊ की चॉपस्टिकने उचलता उचलता निसटतं, त्यावर वासाबीचा ठिपका. आईला सगळं "जरा अळणी" वाटलं. मला वाटलं नाही. नान्झेन्जी देवळाजवळचं युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं तोफू, तेही प्रसिद्ध आहे. तोफू कोंबूच्या पाण्यात असतं, पण बुडवायच्या सोयासॉसमध्ये दाशी असू शकते, तिथे कागद काढा.

रोजचं म्हणाल तर हॉटेलच्या खोलीत किटली असतेच. कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, शिजवलेल्या भाताचं पाकीट मिळतं, ते तिथल्याच मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देतात. त्यावर घरचं मेतकूट आणि कोंबिनीतलंच साधं दही. थेपले, चिवडा, लाडू नेले, कुणी हटकलं नाही. फळं आणि ताजा कढीपत्ता मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. मांसाचे पदार्थ तर पाकीटबंद असले तरी चालत नाहीत.

---

निवृत्त_नाना:
वय पंचाहत्तरच्या आसपास, मधुमेह, गुडघे जुने. मोजकंच लिहितो.

औषधं: एक महिन्यापर्यंतची नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगीचा कागद काढावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट मात्र नीट वाचा. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांवर असलेली औषधं जपानमध्ये नेणं गुन्हा आहे, आणि "आमच्याकडे दुकानात सहज मिळतं" हे तिथे ऐकून घेत नाहीत.

फुशिमी इनारीला शिखर गाठायची काही गरज नाही. अर्ध्या वाटेवर योत्सुत्सुजी नावाचा चौक आहे, तिथून शहर दिसतं, तिथून परत फिरा. देवस्थान चोवीस तास उघडं, तिकीट नाही. आम्ही पहाटे गेलो होतो, वाट मोकळी होती. कियोमिझुही सकाळी सहाला उघडतं.

र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी लॉजमध्ये, राहायची हौस असेल तर बुकिंग करतानाच खुर्ची आणि पलंग आहे का ते विचारा. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, बसणं जमतं हो, उठणं जमत नाही.

---

कामोकाठची:
मी क्योतो विद्यापीठात शिकते, साक्यो वॉर्डात राहते. फिरायला येणाऱ्यांना सांगायचं ते वर सगळं आलंय, मी राहायला येणाऱ्यांसाठी लिहिते.

विद्यापीठाचं वसतिगृह मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. बाहेर खोली घ्यायची म्हणजे भाडं, शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे मालकाला परत न मागता द्यायची "भेट", एजंटचं कमिशन आणि हमी देणाऱ्या कंपनीची फी. आत पाऊल टाकायच्या आधीच तीन-चार महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे जातात. एका एजंटने माझ्यासमोर मालकांना फोन लावले. प्रत्येक फोनवर पहिलं वाक्य "विद्यार्थिनी परदेशी आहे, पण जपानी बोलते" हेच. निम्म्या मालकांनी तेवढ्यावरच नाही म्हटलं. एजंट दर वेळी फोन ठेवून माझ्यापुढे मान लववायचा. राग कुणावर काढायचा तेच कळेना.

पत्ता ठरला की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात, कुयाकुशोत, नोंद करायची. राष्ट्रीय आरोग्य विमा तिथेच काढून घ्या, मग दवाखान्यात आपल्याला ३० टक्केच भरावे लागतात. वीस वर्षं पूर्ण असतील तर पेन्शनच्या हप्त्यांचं पत्रही येतं. विद्यार्थ्यांना ते पुढे ढकलण्याचा अर्ज करता येतो, तोही त्याच फेरीत उरकून टाका.

कचरा! ओला-सुका सगळा जळणारा कचरा महापालिकेच्या पिवळ्या पिशवीतच, आणि पिशवी विकत घ्यायची: ४५ लिटरची एक ४५ येनला. बाटल्या-डबे आणि प्लास्टिक पारदर्शक पिशव्यांत. सकाळी आठपर्यंत ठरलेल्या जागी, कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली. जाळी नीट टाकली नाही तर कावळे उरलेलं काम चोख करतात, आणि समोरच्या आजी झाडू घेऊन उभ्या असतात. त्या रागावत नाहीत. "ओहायो गोझाइमास" (सुप्रभात) म्हणून तुमच्यादेखत झाडत राहतात. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

फोडणीचं सांगायलाच हवं. खोली लहान, एक्झॉस्ट कमजोर. मिरचीची फोडणी दिली की वास परकराइतक्या पडद्यातसुद्धा आठवडाभर राहतो. मी एकदाच भरपूर फोडणी करून बाटलीत ठेवते, तीही रविवारी दुपारी खिडक्या उघडून. तूरडाळ, हिंग ऑनलाइन मागवता येतात.

सायकल घ्या, शहर सपाट आहे. नोंदणी दुकानातच होते, विमा इथे सक्तीचा आहे. सान्जो, शिजो या बाजारपेठेच्या भागात मात्र पैसे भरून पार्किंगमध्येच लावा. माझ्या मैत्रिणीची सायकल दुकानातून दूध आणेपर्यंत ट्रकमध्ये चढली होती.

आणि हवा. चारी बाजूंना नाही पण तीन बाजूंना डोंगर, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये उकडून निघतं, आणि जानेवारीत जुन्या लाकडी घरात जमिनीतून गारठा वर येतो. अशा जुन्या घरात, माचियात, राहायचं स्वप्न असेल तर आधी हिवाळ्यात बघून या.

---

भटका_जोशी:
सगळं मान्य, पण शेवंती, मुक्काम क्योतोतच कशाला? आम्ही ओसाकात राहिलो. जेआरच्या जलद गाडीने अर्धा तास, हॉटेलं स्वस्त, रात्री खायला-फिरायला जास्त. शिवाय १ मार्च २०२६ पासून क्योतोचा निवास कर वाढलाय. माणशी, रात्रीमागे: माणशी भाडं सहा हजार येनच्या आत असेल तर २००, वीस हजारांच्या आत ४००, आणि पुढे चढत चढत १०,००० येनपर्यंत.

---

शेवंती:
जोशीबुवा, तरुणांसाठी ठीक आहे. पण नाना म्हणतात तसं सहाला कियोमिझु गाठायचं तर ओसाकाहून किती वाजता उठणार? आणि दुपारी दोन तास हॉटेलवर पडता येणं ही ज्येष्ठांबरोबर चैन नाही, गरज आहे. ४०० येन वाचवून गुडघे घालवायचे नाहीत मला.

---

शिलालेख:
कुणी तोजी देवळाचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं, तरी लोक बाहेरून मनोरा बघून पुढे जातात. त्याच्या व्याख्यानगृहात २१ मूर्तींचं मंडल आहे. ताइशाकुतेन हत्तीवर बसलाय, बोंतेन हंसांवर. अर्थात इंद्र आणि ब्रह्मदेव. सान्जूसान्गेन्दो देवळातही कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या १००१ मूर्तींच्या पुढे २८ रक्षक उभे आहेत, त्यांत चोच असलेला कारुरा म्हणजे आपला गरुड. दोन्हीकडे आत फोटो काढता येत नाहीत. तोजीला महिन्याच्या २१ तारखेला मोठा बाजार भरतो, जुने किमोनो, भांडी, लोणची. सामान घ्यायचं तर तेव्हा जा, मूर्ती शांतपणे बघायच्या तर ती तारीख टाळा.

गिओन या जुन्या भागातल्या खाजगी गल्ल्यांत शिरू नका. पाट्या लावल्यात, दंड १०,००० येन. गेइको-माइको, म्हणजे गेइशा आणि शिकाऊ गेइशा, कामावर निघालेल्या असतात, त्यांची वाट अडवून फोटो काढणारे बघितले की आपल्यालाच लाज वाटते.

---

पिल्लूची_आई:
एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जातोय, बरोबर दीड वर्षाचं बाळ. स्ट्रोलर न्यावा का?

---

कामोकाठची:
न्या, पण घडी होणारा. मेट्रो आणि जेआर स्टेशनांत लिफ्ट मिळतात, कामो नदीच्या काठची वाट तर स्ट्रोलरसाठीच केल्यासारखी आहे, साकुराही (चेरीची झाडं) तिथे रांगेने. कियोमिझुच्या उतारावर आणि देवळांच्या खडीत मात्र चाकं रुततात, त्या दिवशी बाळ पोटाशी बांधायची पिशवी घ्या. डायपर कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळतात, एक-दोन दिवसांचेच आणा. वापरलेला डायपर टाकायला रस्त्यात कचरापेटी सापडणार नाही, घट्ट बंद होणारी पिशवी जवळ ठेवा. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं हॉटेल अजून घेतलं नसेल तर आजच घ्या.